कडुलिंबाखालची कचेरी

नियाजभाई कोर्टात नावं पुकारायचे. नेमणूक चपराशाची होती. साहेबांना पाणी देणं, फायली इकडून तिकडे नेणं, टेबल पुसणं हेही त्यातच आलं. पण कोणी विचारलं तर ते सांगत, "मी पुकाऱ्यावर हाय." दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्याच्या कडेला उभं राहून ते पक्षकाराचं नाव तीन वेळा घेत. आधी नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मग साकीन म्हणजे गाव, आणि शेवटी "हाजिर हो!" पुरुष असला तर वल्द, नवरा असलेली बाई असली तर जौजे, विधवा असली तर बेवा. आमच्या वऱ्हाडातल्या कागदांत हे शब्द जुन्या अमदानीपासून चालत आलेले आहेत आणि नियाजभाईंच्या तोंडून ते ऐकताना माणूस आपोआप सरळ उभा राहायचा.

अकोल्यात आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो त्याच्याच आवारात, मागच्या बाजूला, दोन खोल्यांत नियाजभाई राहत. घरात बायको हलीमाबी आणि मुलीची मुलगी रजिया. माझे यजमान कमलाकांतराव त्याच कोर्टात वकिली करत, त्यामुळे सकाळी साडेदहाला दोघे एकाच फाटकातून बाहेर पडत. हे पुढे, आणि नियाजभाई दहा पावलं मागे. मी अमरावतीची, तिथल्याच कॉलेजात बी.ए. झालेली. आमची एकुलती एक तारा १९६१ साली दहा वर्षांची होती आणि रजिया अकराची.

मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी लागते. साहेब गावाला जातात, वकील पत्ते खेळतात. चपराशांना मात्र पाळीपाळीनं हजर राहावं लागतं, आणि पुकारायला कोणी नसतं. नियाजभाईंना ती सुट्टी सोसत नसे. म्हणून त्यांनी आवारातल्या कडुलिंबाखाली मुलांची कचेरी सुरू केली.

मुलं काय, कुठेही चोर-शिपाई खेळतात. ही गोष्ट वेगळी होती. इथे दाव्याला नंबर पडायचा. न्यायाधीश दर आठवड्याला बदलायचा, शिरस्तेदार म्हणजे कारकून मात्र ताराच, कारण तिचं अक्षर चांगलं. रजिया बेलिफ, समन्स नेऊन देणारी. साक्षीदारानं शपथ घेतल्याशिवाय बोलायचं नाही. "पाहिलं का ऐकलं?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, आणि ऐकलं असेल तर ती साक्ष बाद. कोणी मध्येच हसलं किंवा "चला ना, खेळू या आता" म्हणालं की नियाजभाई त्याला आवाराच्या फाटकाबाहेर उभं करत. खेळ चालू असताना ते ताराला तारा म्हणत नसत, "शिरस्तेदारसाहेब" म्हणत. आणि मी आंब्याच्या फोडी घेऊन गेले तर मलाही, "बाई, कोर्ट बसलं हाय, थोडं थांबा," असं सांगून उभं ठेवत.

पहिला आठवडा मला मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात ताराला शिक्षा झाली. तिनं कोणाचा तरी पतंग फाडला होता आणि कबूलही केलं होतं. शिक्षा अशी, की दोन दिवस कोणाशी बोलायचं नाही. ती घरात आली आणि जेवताना, झोपताना, आंघोळीला हाक मारली तरी तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी नेमक्या अमरावतीहून तिच्या आत्या आल्या. तारानं वाकून नमस्कार केला आणि मुकाट्यानं उभी राहिली. आत्यांनी तिचा घसा चाचपला, जीभ बाहेर काढायला लावली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस का?"

मी तशीच मागच्या खोल्यांकडे गेले.

"नियाजभाई, हा खेळ आहे की काय आहे?"

"खेळच हाय, बाई."

"मग ती घरात का बोलत नाही?"

"घरी गेल्यावर शिक्षा माफ होते, असं कोन्या कोर्टात पायलं तुमी?" ते विडी विझवत म्हणाले. "अर्ध्यात मोडला की तो खेळ राहत नाही. मंग पोरं पुढच्या खेपेले मनापासून खेळत नाहीत."

"मला भीती वाटते. तिला कुठे खेळ संपतो तेच कळेनासं झालंय."

हलीमाबी आतून म्हणाल्या, "इनकूच नई कळता, बाई. पोट्टी का क्या लेके बैठे! कल मेरेकू बोले, सालन में नमक जादा है, गवाह है क्या तेरे पास?"

मी हसले, पण माझी काळजी काही गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ताराचं तोंड उघडलं आणि ते दुपारपर्यंत मिटलं नाही. तिला सगळं कळत होतं. गोंधळ मोठ्यांचा होणार होता, हे मला नंतर समजलं.

दावा नंबर सात मांजराच्या पिल्लाचा होता. मागच्या उन्हाळ्यात आमच्या माजघरात मांजर व्याली. तारा म्हणे पांढरं पिल्लू माझं, रजिया म्हणे माझं. पिल्लू मात्र दोघींकडेही नव्हतं. ते पार्वताबाई घेऊन गेल्या होत्या. पार्वताबाई हिवरखेडच्या, विधवा, पन्नाशीच्या. दर उन्हाळ्यात त्या पंधरा दिवस आमच्याकडे येऊन कुरडया, शेवया, पापड करून देत. त्या वर्षी त्या आल्या नव्हत्या. न्यायाधीशाच्या जागेवर बसलेल्या मुलानं निकाल दिला, की पार्वताबाईंची साक्ष झाल्याशिवाय दावा चालायचा नाही.

"मंग समन्स काढा," नियाजभाई म्हणाले.

समन्सचे फॉर्म त्यांच्याकडे होते. पाच वर्षांत आमचा वऱ्हाड आधी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि मग महाराष्ट्रात आला. दर वेळी छापील फॉर्म बदलले आणि जुने गठ्ठे रद्दीत पडले. त्यातलाच एक गठ्ठा नियाजभाईंनी मुलांना आणून दिला होता. तारानं टाक घेऊन वळणदार अक्षरात लिहिलं: पार्वताबाई बेवा मोतीराम, साकीन हिवरखेड, जिल्हा अकोला. दावा नंबर सात. अमुक तारखेला जबानीसाठी हजर राहावे, कसूर केल्यास वॉरंट निघेल. हे शेवटचं छापीलच होतं. शिक्का हवा म्हणून नियाजभाईंनी पट्ट्यावरचा पितळी बिल्ला काढून दिला. मुलांनी त्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. दिवाणी न्यायालय, असं गोल अक्षरात, उलटं पण ठसठशीत उमटलं.

एवढ्यावर ते थांबायला हवं होतं. पण बजावणी झाल्याशिवाय समन्सला अर्थ नाही, असं नियाजभाईंनीच शिकवलेलं. रजिया बेलिफ होती आणि तिनं आपलं काम केलं. रविवारच्या बाजाराला पार्वताबाईंचा पुतण्या उद्धव कांदे घेऊन आला होता. तिनं त्याच्या हातात कागद दिला, वहीत अंगठा घेतला आणि पळत घरी आली. कोणालाही वाटलं नाही की तो कागद हिवरखेडला खरा होऊन पोचेल.

तारखेच्या दिवशी सकाळी पार्वताबाई बंद कोर्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या दिवशी नियाजभाईंचीच पाळी होती. ते त्यांना आमच्या घरी घेऊन आले तेव्हा त्या उंबऱ्यातच थांबल्या. काखेत पत्र्याची पेटी आणि पेटीत घराचे कागद. त्यांच्या धाकट्या दिरानं, चंद्रभाननं, वर्षभर धोशा लावला होता की हे घर माझं आहे, खाली कर, नाही तर कोर्टात खेचतो. कागद आला आणि त्यांना वाटलं, खेचलंच.

"तीन रोज झाले, मले अन्न गेलं नाही, बाई," त्या मला म्हणाल्या. "काय विचारतात व कोर्टात? मले तं नवऱ्याचं नाव बी घेता येत नाही चार लोकायत."

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि खरं काय ते सांगितलं. त्यांना पटेना.

"खेळाच्या कागदावर शिक्का असते काय?"

मग रजियानं वही आणली, तारानं टाक दाखवला, नियाजभाईंनी पट्ट्यावरचा बिल्ला. पार्वताबाई एकदा बिल्ल्याकडे आणि एकदा मुलींकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्या तोंडाचा जो काही पट्टा सुटला! "मेल्याहो, तुमच्या तोंडाले काय लागलं! मी बकरी शेजारी बांधून आली, देवापुढं नारळ ठेवला, अन् तुमी मांजराचं पिल्लू घेऊन बसल्या? अन् तुमी, नियाजभाऊ, दाढी पिकली तुमची!"

नियाजभाई हात जोडून उभे होते. रागावता रागावता पार्वताबाईंना हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेचना. तीन दिवसांची धास्ती तशी बाहेर पडली असावी. दुपारी त्या कडुलिंबाखाली साक्षीला उभ्या राहिल्या. नियाजभाईंनी त्यांना तीनदा पुकारलं.

"पिल्लू कोणाचं?" न्यायाधीशानं विचारलं.

"आता माहं हाय. उंदीर मारते. कोनालेच देत नाही, ज्याले जे करायचं ते करून घ्या."

दावा निकाली निघाला.

संध्याकाळी हे म्हणाले, "तो कागद फाडा आणि पुन्हा नाव काढू नका." ते वकील म्हणून बोलत होते. नियाजभाईंच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. न्यायालयाचा फॉर्म, न्यायालयाचा बिल्ला आणि खोटं समन्स. कोणी वर कळवलं असतं तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेली असती. नियाजभाईंनी पार्वताबाईंसमोर कागदाचे चार तुकडे केले आणि त्यांना बसमध्ये बसवून देताना गमतीनं म्हणाले, "पुन्हा असा कागद आला, तं सरळ चुलीत घालजो."

पार्वताबाईंनी तेच केलं.

त्यांच्या घरी समन्स आल्याची बातमी चंद्रभानच्याही कानावर गेली होती. वहिनी कोर्टात जाऊन हसत परत आली, हे त्यानं पाहिलं. त्याला वाटलं, हिनं आपल्याआधी काहीतरी करून ठेवलं. सुट्टी संपली आणि त्यानं खरोखरच दावा लावला. श्रावणात खरा बेलिफ हिवरखेडला गेला. पार्वताबाई दारात बसून वाती वळत होत्या. त्यांनी कागद पाहिला, शिक्का पाहिला आणि त्याच्या हातात भाजलेल्या शेंगा ठेवून म्हणाल्या, "नियाजभाऊले सांगजो, लई झाला खेळ. ह्या खेपेले पिल्लू बी नाही, बोका झाला त्याचा."

बेलिफ चक्रावला. त्यानं सही मागितली, त्यांनी दिली नाही. मग कायद्यात सांगितलं आहे तसं त्यानं दोन पंच बोलावले, कागद दाराला चिकटवला आणि "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत गेला. तो वळताच पार्वताबाईंनी कागद काढला आणि चुलीत सारला.

पुढचं मला ह्यांनी दाव्याच्या तारखेला दुपारी घरी येऊन सांगितलं. हे त्या वेळी कोर्टात दुसऱ्या कामासाठी बसले होते.

दावा पुकारायला आला. नियाजभाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि दोनदा वाचली. मग व्हरांड्यात जाऊन पुकारलं: "पार्वताबाई बेवा मोतीराम, साकीन हिवरखेड, हाजिर हो!" एकदा. दोनदा. तिसऱ्या खेपेला ते फाटकापर्यंत चालत गेले आणि रस्त्यावर उभे राहून पुकारलं. वकिलांना नवल वाटलं. इतक्या लांब जाऊन कोणी पुकारत नाही. परत येऊन ते दारात उभे राहिले. रिवाज असा, की चपराशानं "गैरहजर" एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

चंद्रभानचे वकील उठले. "समन्स नाकारलेलं आहे, साहेब. पंचांच्या सह्या आहेत. एकतर्फी चालवावं."

साहेबांनी लेखणी उचलली. एकतर्फी चाललं असतं तर प्रतिवादीची बाजू न ऐकताच घर चंद्रभानला गेलं असतं. नंतर तो हुकूम फिरवून घेता येतो, पण त्याला वेळेत अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायला आधी आपल्याविरुद्ध हुकूम झाला आहे हे ठाऊक असावं लागतं. पार्वताबाई हिवरखेडला बसून हसत होत्या.

"साहेब," नियाजभाई दारातून म्हणाले.

एकोणतीस वर्षांत त्यांनी कोर्ट चालू असताना पुकाऱ्याशिवाय एक शब्द काढला नव्हता. साहेबांनी वर पाहिलं.

"बाई गैरहजर नाही, साहेब. तिले मी सांगतलं होतं का कागद चुलीत घाल. कसूर माही हाय."

एक वकील हसला, पण कोणीच साथ दिली नाही तेव्हा गप्प झाला. नियाजभाईंनी मग सगळं सांगितलं: कडुलिंब, रद्दीचा गठ्ठा, बिल्ला, पिल्लू, सगळं. पुकारतात त्याच आवाजात सांगितलं, कारण त्यांना दुसरा आवाज येत नव्हता. बाहेरच्या पानठेल्यावर ऐकू गेलं म्हणतात.

साहेबांनी दावा पंधरा दिवस पुढे ढकलला आणि नियाजभाईंची चौकशी लावली. दुसऱ्या दिवशी नाझर चिंतामणराव, म्हणजे चपराशी आणि बेलिफ ज्यांच्या हाताखाली असतात ते अधिकारी, यांच्यापुढे ताराला आणि रजियाला बोलावलं.

त्या सकाळी ताराची वेणी घालताना मी तिला पढवलं. लपवून काय करू? "फॉर्म कुठे मिळाला विचारलं तर सांग, आवारात पडलेला सापडला. शिक्का कसला विचारलं तर आठवत नाही म्हण."

"पण नियाजचाचांनी दिला होता."

"मला माहीत आहे. पण त्यांची नोकरी जाईल. तुला आवडेल का?"

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. "आई, हे कोर्ट खरं आहे ना?"

"हो."

"मग तिथे खोटं कसं बोलू? आम्ही तर खोट्या कोर्टातसुद्धा बोललो नाही."

मी रिबीन बांधली.

चिंतामणराव म्हणजे जाड भिंगांचा चष्मा आणि तपकीर. त्यांनी ताराला खुर्चीवर बसवलं, गोड आवाजात विचारलं, "काय गं बाळ, घाबरली नाहीस ना?"

"शपथ राहिली," तारा म्हणाली.

"काय?"

"तुम्ही शपथ दिलीच नाही अजून. त्याच्याआधी बोलत नसतात."

चिंतामणरावांनी तपकिरीची डबी मिटली आणि तिला शपथ दिली. नंतर तिनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. फॉर्म चाचांनी दिला, गठ्ठ्याला सुतळी होती, गठ्ठ्यावर रद्दी असं लिहिलेलं होतं. समन्स तिनं लिहिलं. बिल्ला चाचांनी काढून दिला, शाई रजियानं लावली, ठसा दोघींनी मिळून मारला. उद्धवला कागद देताना ती तिथे होती का?

"नाही. ते मी ऐकलंय. ते रजियाला विचारा."

मी दाराशी उभी होते आणि मला वाटत होतं, ही एकेका वाक्यानं त्या माणसाची भाकरी काढून घेते आहे. नियाजभाई भिंतीशी उभे होते. तिनं बिल्ल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, जशी कडुलिंबाखाली साक्ष नीट झाली की हलवत.

हुकूम चार दिवसांनी आला. ह्यांनी मला तो वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की चपराशानं स्वतःहून भर कोर्टात सांगितलेली हकिकत आणि दोन्ही मुलींची वेगवेगळी घेतलेली जबानी बारीकसारीक तपशिलात जुळते. कोणतीही गोष्ट दडवलेली दिसत नाही. त्यामुळे फसवणुकीचा हेतू नव्हता असं मानण्यास जागा आहे. सबब नोकरीतून कमी करू नये. बिल्ला जमा करून घ्यावा. पुकाऱ्याचं काम काढून घ्यावं, आणि पेन्शनीपर्यंत रेकॉर्डखोलीत नेमणूक करावी.

"तारा तू सांगितलेलं बोलली असती," हे कागदाची घडी घालत म्हणाले, "तर जबान्या जुळल्या नसत्या." त्यांना वेणी घालतानाचं कसं कळलं, मी विचारलं नाही.

उरला होता पार्वताबाईंचा प्रश्न. दुसरं समन्स निघालं होतं, पण ते त्या पुन्हा चुलीत घालणार हे उघड होतं. बेलिफाबरोबर नियाजभाईंनी जावं असं ठरलं. तारा हट्टानं त्यांच्याबरोबर निघाली आणि तिची काळजी म्हणून मी. बसनं तीन तासांत हिवरखेडला पोचलो.

पार्वताबाईंनी आम्हाला पाहिलं आणि अंगणातूनच ओरडल्या, "आता काय, सारं कोर्टच घेऊन आले काय?"

"पार्वताबाई, हा कागद खरा हाय," नियाजभाई म्हणाले.

"पयला बी खराच होता. मंग खोटा झाला."

"ह्या खेपेले चंद्रभाननं लावला. तुमचं घर जाईन."

"तुमीच म्हनले, चुलीत घाल."

"म्हनलो. चुकलो."

त्या बेलिफाकडे, माझ्याकडे, ताराकडे बघत होत्या. चेहऱ्यावर अजून हसू होतं, पुढची गंमत कधी निघते याची वाट पाहणारं. नियाजभाई खाली अंगणातच बसले. "बाई, तुमाले मी तीनदा पुकारलं. रस्त्यावर जाऊन पुकारलं. आता मले पुकारता येत नाही. ते काम काढून घेतलं माह्याकडून."

"काहून?"

"तुमाले हसवलं म्हनून."

पार्वताबाईंचं हसू तिथे संपलं. त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हातात घराच्या कागदांची पेटी होती, आणि दुसऱ्या हातात नियाजभाईंसाठी पाण्याचा तांब्या. त्यांनी बेलिफाच्या पुढ्यात बसून अंगठा उठवला, आणि ताराला म्हणाल्या, "तू वाच मले. सारं वाच. एक अक्षर सोडजो नको."

तारानं वाचलं. त्यात विनोदी असं काही नव्हतं.

त्यांच्यातर्फे ह्यांनी वकीलपत्र घेतलं. पुढच्या तारखेला नव्या चपराशानं पुकारलं तेव्हा त्या पहिल्याच हाकेला आत गेल्या. चंद्रभानच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांना धरलं.

"तुम्ही कोर्टाचं समन्स चुलीत घातलं, खरं आहे?"

"घातलं. त्यावर चहा केला."

"कोर्टाचा कागद जाळताना तुम्हाला भीती वाटली नाही?"

"पयल्या कागदाले लई भेली होती, साहेब. तितली भीती दोनदा येत नाही."

"मग आज कशा आलात? हेही खोटं असेल असं वाटलं नाही?"

"त्या बुढ्ढ्याले खोटं बोलता येत असतं," त्यांनी रेकॉर्डखोलीच्या दाराकडे बोट केलं, "तं तो अजून व्हरांड्यात असता."

साहेबांनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. दावा दीड वर्ष चालला आणि घर पार्वताबाईंकडे राहिलं.